नवीन काय आलंय?

गेले तीन वीकएंड हे लिहीन लिहीन म्हणतोय. दर वेळी काहीतरी मध्ये आलं, कधी रिलीज, कधी झोप. आज मोबाईल लांब ठेवून बसलोय.

विश्रामबागला आमच्या घरापासून चार घरं सोडून एक सर राहतात. गणिताचे. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना 'सर'च म्हणते. दिवाळीत घरी गेलो की फराळाला त्यांच्याकडे चक्कर असतेच. गेल्या दिवाळीत भडंगाचा बकाणा भरलेला असताना त्यांनी अचानक विचारलं, "काय रे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग मला सांग, हल्ली नवीन काय आलंय ते कळतं कसं?"

मला वाटलं, फोन घ्यायचाय. कॅमेरा, बॅटरी वगैरे सुरू केलं. सर म्हणाले, "अरे फोन नाही. गणितात!"

आता आली का पंचाईत. मग सरांनी आतल्या खोलीतून एक पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत गठ्ठेच्या गठ्ठे. परदेशी प्राध्यापकांनी पाठवलेले रीप्रिंट, पिवळे पडलेले, वर शाईनं 'सप्रेम भेट' छापाचं काहीतरी खरडलेलं. आणि एका रबरबँडमध्ये कोऱ्या छापील कार्डांची चवड. "आपला अमुक अंकातला तमुक लेख कृपया पाठवावा", खाली सही आणि पत्ता. आमच्या पिढीला हा प्रकार माहीतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1950 च्या दशकात अमेरिकेत युजीन गारफील्ड नावाच्या माणसाला एक साधी कल्पना सुचली. जगभरच्या संशोधन नियतकालिकांची फक्त अनुक्रमणिकेची पानं छापायची. लेख नाही, नुसती अनुक्रमणिका. आणि ती दर आठवड्याला खिशात मावेल अशा छोट्या अंकातून वर्गणीदारांना पाठवायची. 'करंट कंटेंट्स' हे त्याचं नाव. मागे लेखकांचे पत्ते. म्हणजे ज्याच्या कॉलेजात मूळ नियतकालिक येत नाही, त्यानेही अनुक्रमणिका चाळावी, हवा तो लेख हेरावा, लेखकाला कार्ड टाकावं, आणि लेखकानं आपल्या खर्चानं रीप्रिंट पोस्टात टाकावा. आणि लेखक टाकायचे! गणितवाल्यांकडे याच कामासाठी सारांशांची नियतकालिकं होती. जर्मनीतलं 'झेंट्रालब्लाट' 1931 पासून, अमेरिकेतलं 'मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज' 1940 पासून. (दोन्ही सुरू करणारा माणूस एकच, ऑटो नॉयगेबाऊर. नाझींच्या काळात पहिलं सोडावं लागलं, म्हणून अटलांटिकपलीकडे जाऊन दुसरं उभं केलं.) सर कोल्हापूरला किंवा पुण्याला गेले, की दिवसभर लायब्ररीत हेच चाळत बसायचे आणि येताना यष्टीत कार्डं लिहायचे. सहा महिन्यांनी, कधी वर्षानं उत्तर यायचं.

मी विचारलं, "सर, तोवर तो लेख शिळा नाही व्हायचा?"

"गणित शिळं होत नाही रे. आपण होतो."

असो. तर सरांचा प्रश्न डोक्यात घेऊन घरी आलो आणि नेहमीप्रमाणे भलतीकडेच वाचत सुटलो. आणि लक्षात आलं की या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मिरजेत, सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय!

वासुदेवशास्त्री खरे. जन्म 1858, गुहागरचा. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. 'शिवसंभव', 'उग्रमंगल' वगैरे नाटकंही त्यांचीच. पण खरा माणूस वेगळाच. मिरज म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. पेशवाईच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या बहुतेक मोठ्या मोहिमांत पटवर्धन सरदार होते, आणि छावणीतून घरी सतत पत्रं पाठवायचे. आज कुठे मुक्काम, कोण फितलं, दाणावैरण किती उरली, श्रीमंत काय म्हणाले. ती सगळी पत्रं मोडीत, दप्तरांच्या रुमालांत बांधून पडलेली. शास्त्रीबुवांनी शाळा सांभाळून ती वाचायला घेतली, बाळबोधीत उतरवली, आणि 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं छापायला सुरुवात केली. एकदम जाडजूड ग्रंथ काढून नव्हे. मासिक म्हणून, थोडं थोडं, वर्गणीदारांना. 1924 मध्ये वारले तोवर त्याचे बारा खंड झाले होते.

पण हा एकांड्या शिलेदाराचा पराक्रम नव्हता. त्याआधी 1878 मध्ये पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' निघालं होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक. त्यातून दरमहा जुनी काव्यं, बखरी आणि पत्रं बाहेर येत. खऱ्यांच्या पाठोपाठ, 1898 मध्ये, राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. साताऱ्याहून दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1908 मध्ये 'इतिहाससंग्रह' मासिक सुरू केलं. 1910 मध्ये पुण्याला राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, त्याच्या सभांत लोक ताजे सापडलेले कागद वाचून दाखवायचे आणि ते मग इतिवृत्तांत, संमेलनवृत्तांत, पुढे त्रैमासिकात छापले जायचे.

आता याच्याकडे कॉम्प्युटरवाल्याच्या नजरेनं बघा. संशोधन 'पूर्ण' होईपर्यंत कुणी थांबत नव्हतं. कागद सापडला, वाचला, छापला, पाठवला. ज्याला त्यातून इतिहास लिहायचाय त्यानं लिहावा. मध्ये कुणाची परवानगी नाही. तिकडे बंगाल-बिहारात बसलेले जदुनाथ सरकार हे सगळं वाचता यावं म्हणून मराठी शिकले. त्यांचा आणि रियासतकार सरदेसायांचा पत्रव्यवहार 1904 पासून पुढे अर्धशतक चालू होता. सरदेसाई तेव्हा बडोद्याला नोकरीत. एकानं फारसीतलं कळवायचं, दुसऱ्यानं मराठीतलं. माणसानं माणसाला लावलेलं सबस्क्रिप्शनच ते!

आणि एक गोष्ट वाचून तर मी खुर्चीतून उठलोच. खऱ्यांनी प्रत्येक पत्राला लेखांक दिलाय, आणि तो नंबर दर खंडात एकपासून सुरू होत नाही. सलग पुढे चालतो. म्हणूनच सरदेसाई इंग्रजी इतिहासाच्या तळटिपेत नुसतं 'खरे अमुक' एवढा आकडा देतात, खंड नाही की पान नाही. ज्यांनी कधी फीडचा कोड लिहिलाय त्यांना कळेल मी का उठलो ते. फीडमधल्या प्रत्येक नोंदीला एक कायमचा, दुसऱ्या कशालाही न दिलेला ओळखक्रमांक लागतो. तो नसला तर रीडरला कळत नाही की ही नोंद नवी की कालचीच. हा धडा नेटवाल्यांना ठेचा खात शिकावा लागला. मिरजेच्या संस्कृतच्या मास्तरांना तो मोडी वाचता वाचता सुचला होता.

बरं, फीड म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. (हल्लीच्या पोरांना खरंच माहीत नसतं. त्यांना फीड म्हणजे अंगठ्यानं वर ढकलायची गोष्ट वाटते.) एखादी साईट आपल्या पानांबरोबर एक साधी मजकुराची फाईल ठेवते. त्यात ताज्या गोष्टींची यादी : शीर्षक, दुवा, तारीख, ओळखक्रमांक, जमल्यास सारांश. तुमच्याकडचा रीडर मधूनमधून जाऊन विचारतो, "बदललं का काही?" नसेल तर सर्व्हर एका ओळीत 'नाही' म्हणतो. असेल तर नवी यादी देतो. बस्स. कुणी तुमचा पत्ता घेत नाही, तुम्हाला काय आवडेल ते कुणी ठरवत नाही, यादी तारखेनुसार येते. म्हणजे गारफील्डचीच अनुक्रमणिका, पोस्टाशिवाय.

हे प्रकरण मार्च 1999 मध्ये नेटस्केपमध्ये सुरू झालं. डॅन लिबी आणि रामनाथन गुहा. गुहा आयआयटी मद्रासचा. त्यानंतर भांडणं इतकी झाली की आपले इतिहाससंशोधक बरे म्हणायची पाळी आली. आरएसएस या तीन अक्षरांचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत, ते उगाच नाही. डेव्ह वायनरचा गट एकीकडे, आरएसएस 1.0 वाले दुसरीकडे, आणि दोघांना कंटाळून 2005 मध्ये ॲटम नावाचं तिसरंच प्रमाण. डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या आरएसएस 1.0 च्या लेखकांत ॲरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता. वय वर्षं 14.

संशोधनवाल्यांनी मात्र ही गोष्ट लवकर उचलली. 'नेचर'च्या प्रकाशकांनी प्रत्येक नियतकालिकाची फीड काढली, आणि 2004 मध्ये त्यांच्याच तिघांनी विज्ञान प्रकाशनात आरएसएसचं काम काय यावर एक लेखही लिहिला. 2005 मध्ये पबमेडनं त्याहून भारी काम केलं. तुम्ही वैद्यकातला कुठलाही शोध घ्या, म्हणजे एखादा आजार, एखादं औषध, आणि त्या शोधाचीच फीड करून घ्या. नवा लेख आला की तुमच्या यादीत आपोआप. ही कल्पनाही खरं तर जुनीच. आयबीएमच्या हान्स पीटर लून यानं 1958 मध्ये मांडून ठेवली होती : प्रत्येक वाचकाचं एक 'प्रोफाइल' मशीनला द्यायचं आणि आलेल्या प्रत्येक लेखाशी ते ताडून बघायचं. लूनकडे पंचकार्डं होती, एवढाच फरक.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आर्काईव्ह. ऑगस्ट 1991 मध्ये लॉस अलामॉसला पॉल गिन्स्पार्गनं सुरू केलेलं. त्याआधी भौतिकशास्त्रात काय व्हायचं? पेपर छापून यायच्या आधी त्याच्या झेरॉक्स प्रती निवडक मित्रांना पोस्टानं जायच्या. तुम्ही त्या यादीत असाल तर तुम्हाला आज कळणार. नसाल तर वर्षानं, छापून आल्यावर. सांगलीचा मास्तर कुणाच्या यादीत असणार? गिन्स्पार्गनं ती यादीच मोडून टाकली. त्या दिवसापासून हार्वर्डच्या प्राध्यापकाला आणि विश्रामबागच्या सरांना (त्यांच्याकडे कनेक्शन असेल तर!) तोच पेपर त्याच मिनिटाला.

उशिरा कळण्याची किंमत काय असते, याचा आपल्याकडचा नमुना म्हणजे द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिक्षक. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उदाहरणार्थ 3524. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. आता कितीही वेळा करा, 6174 वरच अडकणार. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येणार. कापरेकरांनी हे 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं, 1955 मध्ये अमेरिकेतल्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापून आलं. जगाला मात्र कळलं 1975 च्या मार्चमध्ये, मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिलं तेव्हा. शोध 44 व्या वर्षी सांगितला, नाव झालं सत्तरीत.

आणि हे फक्त देवळालीतच होतं असं नाही हं. रामानुजननं दोन अप्रतिम सूत्रं शोधली होती, त्याला सिद्धता सापडत नव्हती, हार्डीसकट कुणालाच सापडत नव्हती. 1917 मध्ये एकदा तो लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे जुने अंक सहज चाळत होता, तर रॉजर्स नावाच्या माणसानं 1894 मध्येच ती सूत्रं सिद्धतेसकट छापलेली! रॉजर्स तिथेच, इंग्लंडातच होता. तेवीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तर, सर. भाऊबिजेच्या दिवशी त्यांच्या मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन बसलो. एक साधा रीडर टाकला, अक्षरं मोठी केली, आर्काईव्हच्या संख्या सिद्धांत विभागाची, म्हणजे नंबर थिअरीची, फीड लावली. सर गेली कित्येक वर्षं एका प्रश्नामागे आहेत. कापरेकरांच्याच जातीचा. तीन अंकांना 495, चार अंकांना 6174, पण पाच अंकांना असा एक आकडा नाहीच, तिथे संख्या तीन वेगवेगळ्या चक्रांत फिरत राहतात. मग दहाच्या ऐवजी दुसरा पाया घेतला तर केव्हा एकच आकडा मिळतो आणि केव्हा चक्र? वह्यांवर वह्या भरल्यात. सर सांगताना हसत होते, पण मला त्यात एक धाकधूकही दिसली. हे कुणी आधीच करून ठेवलं असेल तर? ट्रंकेतली कार्डं संपल्यापासून त्यांना कळायला मार्गच नव्हता. नियतकालिकं महाग, ओळखीचे लोक निवृत्त. 2025 च्या जानेवारीपासून केंद्र सरकारची 'एक देश एक सदस्यता' योजना सुरू झालीय, तेराएक हजार नियतकालिकं, पण ती सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना. घरी बसलेल्या म्हाताऱ्या गणितज्ञाचा त्यात रकाना नाही.

खरं सांगतो, फीड लावताना मला जरा अपराधीही वाटत होतं. गुगल रीडर ऑक्टोबर 2005 मध्ये आला तेव्हापासून मी त्याच्यावर जगत होतो, रोज सकाळी चहाबरोबर. 1 जुलै 2013 ला तो बंद झाला, आणि मी त्या दिवशी फीड सोडल्या त्या सोडल्याच. मग ट्विटरवर लोक काय म्हणतात तेच बघायचं. 2023 मध्ये त्यांनी फुकटची दारं बंद केली, तेव्हा नवे पेपर सांगणारे कितीतरी बॉट एका झटक्यात गप्प झाले. आर्काईव्हची फीड मात्र या सगळ्या काळात तशीच चालू होती. आपणच विचारायला जात नव्हतो.

त्याच 2013 सालच्या जानेवारीत ॲरन स्वार्ट्झनं आत्महत्या केली. एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोरचे लाखो लेख उतरवून घेतले म्हणून त्याच्यावर फौजदारी खटला चालू होता. चौदाव्या वर्षी 'नवीन काय आलंय' ते सगळ्यांना कळावं याचं प्रमाण लिहिणारा मुलगा, आणि सव्विसाव्या वर्षी हे. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहायचंय, आज नको.

फीड लावली आणि मी पुण्याला परत आलो. त्याच शनिवारी सकाळी सातला सरांचा फोन. "अरे, तुझं ते बंद पडलंय. रिकामं आहे."

"सर, शनिवार-रविवार आर्काईव्हवर नवं जाहीर होत नाही. सोमवारी येईल."

"अच्छा! म्हणजे त्यांनाही सुट्टी असते होय." सर एकदम खूश.

त्यानंतर रोज रात्री एक मेसेज. आज अमुक वाचलं, आज सगळं डोक्यावरून गेलं, आज एक बाई फार छान लिहितात. दिवसाला डझन-दोन डझन शीर्षकं येतात, त्यातली बहुतेक त्यांच्या कामाची नसतात, पण चाळायची सवय हाताला आहेच. डिसेंबरच्या मध्यावर मेसेज नाही आला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"आलाय रे एक," सर म्हणाले. "दोघांचा मिळून आहे. माझ्या अर्ध्याहून जास्त केलंय त्यांनी. माझ्यापेक्षा सुटसुटीत."

काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "सर, सॉरी." मला खरंच वाटलं की मीच जाऊन हे त्यांच्या घरात सोडून आलो.

"सॉरी कसलं? निम्मं उरलंय ना. आणि उरलेल्यात त्यांनी जो रस्ता सोडून दिलाय ना, तो मी पंधरा वर्षांपूर्वी चालून बघितलाय. तो पुढे बंद होतो. त्यांना कळवायला पाहिजे, नाहीतर फुकट वर्ष घालवतील बिचारे." मग जरा थांबून म्हणाले, "पण पत्ताच दिला नाहीये रे कुठे. नुसता ईमेल आहे. तू संक्रांतीला येतोयस ना? तोवर मी मजकूर कार्डावर लिहून ठेवतो, तू टाईप कर."